पेवाखालचा मुलूख

माझी नातसून पुस्तकं लिहिते. राक्षसांची, जादूच्या मुलखांची, एकामागनं एक भाग. परवा मला म्हनली, "आजी, दुसऱ्या भागालाच माझी गोष्ट धापा टाकते. तुमची तीन वर्षं कशी चालली हो?" मी म्हनलं, "बाई, तुझ्या गोष्टीशी भांडनारं कोन न्हाई. आमच्या गोष्टीला मी व्हते."

सांगलीजवळ हरिपुरात हळदीची पेवं व्हती. जमिनीत खोल खड्डा, तोंड बारकं, पोट मोठं. त्यात हळद साठवायची. मी आन माझी मैतरीन शाहजादी तिथं हळद निवडायला जायचो. हळकुंडं एकीकडं, गड्डे एकीकडं. दिसभर बसून कंबरंचा काटा ढिला व्हायचा. घरी गेलं तर हात पिवळे, भाकरी पिवळी, लेकराचं टाळकंबी पिवळं. पर काय दिवस व्हते गं! आजबी हळदीचा वास आला की मी उगंच हसते, आन घरातली मान्सं म्हनत्यात, म्हातारीला लागलं येड.

त्रेचाळीस साल आसंल. मुकादम गुंडानं पेव उघडलं आन आधी कंदील खाली सोडला. आत वाईट हवा असली तर दिवा इझतो, मंग मानूस उतरत न्हाई. दिवा इझला. गुंडा म्हनला, "ऱ्हाऊ द्या, उद्या बघू." तवा शाहजादी माझ्या कानाला लागली, "खालची मान्सं फुंकर मारत्यात गं. त्यास्नी उजेड सोसत न्हाई."

"गप ए," मी म्हनलं. "मंग अंधारात एकमेकाला वळखत्यात कशी?"

ती हातातलं हळकुंड नाकाला लावून म्हनली, "वासानं. हरेकाचा वास येगळा."

"आन सर्दी झाल्यावर?"

"उद्या सांगते," ती म्हनली.

झालं! तिथनं सुरू. माझा सोभावच तसला, जाईल तिथं आडवी. सासू म्हनायची, "सरळ बोलंल ती मनुबाई कसली!" शाहजादी गोष्ट रचायची, मी खोट काढायची. दुसऱ्या दिवशी तिनं सर्दीचा तुरुंग आनला. ज्याला सर्दी झाली त्याला कोंडायचं, न्हाईतर तो शिपायाला राजा समजून मुजरा करंल आन राजाच्या कानफटात मारंल. मी इचारलं, "ही मान्सं पानी कुठलं पित्यात?" तर कृष्णामाईच्या खालनं एक उलटी नदी निघाली, सांगलीकडनं वाईकडं वाहनारी. बायकांची हसून हसून मुरकुंडी वळायची. गुंडा लांबनं वरडायचा, आन मंग सोताच जवळ येऊन कान द्यायचा. असं एकेका सवालानं अख्खा मुलूख उभा ऱ्हायला. हंगाम सरला तरी गोष्ट सरंना.

शाहजादीच्या जिवाला काय घोर व्हता ते समद्यांस्नी म्हाईत व्हतं. तिचा नवरा हुसेन फलटनीत. जपान्यानं शिंगापूर घेतलं तवापासनं त्याचा पत्ता न्हाई. सरकारी कागद आला, त्यात नुसतं 'सापडत न्हाई'. जिता का मेला, कोन सांगनार? दुसऱ्या हंगामाला तिनं गोष्टीत एक शिपाई घातला. वाट चुकून खालच्या मुलखात गेलेला, घरला निघालेला. नाव घेतलं न्हाई. आमी बायका माना खाली घालून हळद निवडत ऱ्हायलो.

दर खेपंला ती त्याला पेवाच्या तोंडापतुर आनायची. आन मी? आग लागो माझ्या जिभंला! "उलटी नदी वलांडली कशी त्यानं? होडी कुनी दिली?" की तो गेला मागं, होडी बांधायला. "खालच्या सुतारांची बोली कळली कशी त्याला?" की बसला बोली शिकत. कवा कवा तिचं तोंड उतरायचं. मला दिसायचं, तरी मी हटायची न्हाई. खोटं ते खोटं, असं म्हनायची.

तिसरा हंगाम झाला, लढाई सरली, आन कागद आला. हुसेन कैदेतच वारला व्हता. बेचाळीस सालीच. म्हंजी आमची गोष्ट सुरू व्हायच्या आधीच.

शाहजादी इद्दतीला बसली. त्यांच्यात नवरा गेला की चार म्हयनं धा दिवस बाईनं घरातच ऱ्हायचं असतं. हिकडं मला अन्न गोड लागंना. ती बिचारी त्याला वर काढत व्हती आन मी रांड त्याला खाली ढकलत व्हते! शेवटी मनाचा हिय्या करून तिच्या घरी गेले. उंबऱ्यातच तिचे पाय धरले. "शाहजादी, लय पापी हाय गं मी. एकदा तरी त्याला घरी येऊ द्यायला पायजे व्हतं."

तिनं मला उठवलं, जवळ बसवलं. "येडी का खुळी तू, मनू? पैल्याच खेपंला तो वर आला असता तर गोष्ट सरली असती. मंग रोज ह्या रिकाम्या घरात येऊन मी काय केलं असतं? तू अडवलंस म्हनून दोन हंगाम तो वाटंवर व्हता माझा."

 

"आता कुठवर आलाय त्यो?" तिनंच इचारलं.

"बोली शिकला. होडी झाली. बसलाय तीत."

"मंग आता पोचंल की गं," ती म्हनली, आन तवा तिचा बांध फुटला. माझा हात तिनं गच्च धरला. "मनू, बोल की कायतरी. काढ की खोट."

जल्मभर मी फुकट खोट काढली, त्या दिवशी पैल्यांदा तिच्यासाठी काढली. पदरानं नाक पुसलं आन म्हनलं, "पोचंल कसा? वल्हं कुठं दिलंस तू त्याला?"