साखळीवरचा तराफा

मी एक जुना तराफा आहे आणि मित्रांनो, एका जागी स्वस्थ राहणे मला जमत नाही. न्यूनेन या डच गावाजवळच्या एका अरुंद नदीवर, दोन लहान गावांच्या मध्ये मी असतो. माझी साखळी दोन्ही काठांना बांधलेली आहे. माझ्यावर चढून चाक फिरवले, की मी साखळीवरून सरकत पलीकडे जातो. ज्याला जायचे, त्यानेच चाक फिरवायचे.

वासुदेव आजोबांना हे ठाऊक नव्हते. साताऱ्याला जन्मभर एसटी चालवलेले हे आजोबा ऑगस्टमध्ये मुलाकडे, आशुतोषकडे, आले. पहिल्याच दिवशी त्यांनी काठावरून हाक मारली, "अहो नावाडी!"

नात जुई हसत सुटली. "आजोबा, इथे तुम्हीच नावाडी!"

घरी त्यांचा एकच हेका होता. "आशुतोष, मला परत पाठव. इथे हातांना काम नाही. मी पुन्हा काही यायचा नाही."

पण माझे चाक सापडल्यापासून ते रोज येऊ लागले. पलीकडच्या गावातल्या त्रूस आजी सायकल घेऊन बाजाराला जात. आजोबांनी त्यांच्यासाठी चाक धरले, तर त्या डचमध्ये कडाडल्या.

"काय म्हणतात गं?"

"म्हणतात, मी म्हातारी दिसते का?" जुईने सांगितले.

मग ठरले, अर्धी नदी आजोबांची, अर्धी त्रूस आजींची.

एकदा कुणीतरी गंमत म्हणून माझ्या साखळीत काठी खोचली. त्या दिवशी त्रूस आजी एकट्याच निघाल्या आणि भर पाण्यात चाक अडकले. पुढे जाता येईना, मागेही येईना. तेवढ्यात आजोबा जुईबरोबर काठावर आले. त्यांनी चिखलात पाय रोवले आणि साखळी हातांनी ओढत मला काठाला लावले. त्यांचे तळहात सोलून निघाले.

त्रूस आजी उतरल्या, ते हात पाहून हळूच काही बोलल्या.

"म्हणतात, आज मात्र म्हातारी दिसते," जुई म्हणाली.

ऑक्टोबर संपताना, दरवर्षीप्रमाणे, नगरपालिकेच्या माणसांनी मला थंडीसाठी पाण्याबाहेर काढले. दुसऱ्या दिवशी आजोबांचे विमान होते. त्यांनी माझ्या कठड्यावर हात ठेवला. "हा परत पाण्यात कधी?"

जुईने विचारून सांगितले, "एप्रिलमध्ये."

"आशुतोष," आजोबा बरोबर आलेल्या मुलाला म्हणाले, "एप्रिलचं तिकीट काढ."

मित्रांनो, आता मी गवतावर पडून नुसता चुळबुळतो आहे. माझ्या साखळीत काठी खोचू नका. तुम्ही उतरून गेलात, तरी दुसऱ्या काठावर कुणीतरी माझ्यासाठी थांबलेले असते. एप्रिलमध्ये तर नक्कीच असेल.