सिझरची मुलगी

शाळेतून आल्या आल्या लेकीने दप्तर भिरकावलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. डबा निम्मा भरलेलाच. टेलरबाईंनी मशीन थांबवलं. खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे एकेक बाहेर आलं.

शाळेत तपासणी होती. नर्सबाईंनी वर्गासमोर काट्यावर उभं केलं, आकडा मोठ्याने वाचला आणि फॉर्म बघून म्हणाल्या, "सिझरची ना? मग बरोबर. सिझरची मुलं फुगतातच." वर्ग खो खो हसला. मधल्या सुट्टीपर्यंत नऊ वर्षांच्या पोरीचं नाव 'सिझर' पडलं होतं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात आतून सासूबाई बोलल्या, "तरी मी सांगत होते. आणखी चार कळा सोसल्या असत्यास तर..."

"तर ही जगली नसती, आई! चौदा तास सोसल्या मी. पोरीचे ठोके मंदावले, तेव्हा डॉक्टर धावले. तुम्ही बाहेर बाकावरच होतात ना? नऊ वर्षं ऐकून घेतलं. आता पुरे."

सासूबाईंनी आतलं दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाई तडक शाळेत गेल्या. नर्सबाई मुलांचे फॉर्म लावत होत्या, शेजारी तपासणीचे डॉक्टर. बाईंनी कालच्या बोलण्याचा जाब विचारला.

"मी मनाचं नाही बोलले," नर्सबाई फणकारल्या. "संशोधनात आलंय तसं."

बाई डॉक्टरांकडे वळल्या. "खरं आहे?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "काही अभ्यासांत सिझरच्या मुलांमध्ये वजन वाढण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलंय. पण ते सिझरमुळेच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. आईचं वजन, खाणं, खेळणं, बरंच काही असतं त्यात. आणि एका मुलीकडे बोट दाखवून तर मुळीच सांगता येत नाही."

"मग दाखवलंत कशाला?" बाई नर्सबाईंवर कडाडल्या, आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. "माझ्याकडे रोज बायका माप द्यायला येतात. कंबरेचा आकडा मी पुटपुटतसुद्धा नाही, गुपचूप वहीत लिहिते. मला टेप धरताना जे कळतं, ते तुम्हाला काटा ठेवताना कळू नये? वर्गासमोर बोललात ना? आता वर्गासमोरच चूक कबूल करा. त्याशिवाय मी इथून हलणार नाही."

डॉक्टर उठले. "चला, मीही येतो."

नर्सबाई वर्गात गेल्या, पडेल आवाजात दोन वाक्यं बोलल्या. उरलेल्या मुलांची वजनं त्या दिवशी बंद खोलीत झाली. चिडवणं मात्र लगेच थांबलं नाही. दोघी-तिघी आठवडाभर 'सिझर' म्हणतच होत्या.

बाई शाळेत जाऊन आल्या त्याच संध्याकाळी सासूबाईंनी नातीला जवळ ओढलं. "तू झालीस तेव्हा बाहेर बाकावर तुझं रडणं ऐकू आलं आणि माझ्या जिवात जीव आला बघ," त्या सांगू लागल्या. सुनेकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

हे सांगायला नऊ वर्षं लागली! टेलरबाईंनी मशीन असं दामटलं की दोरा तुटला.