रविवारची पकड

डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून बार उचलताना, दहा किलो वाढवले तेव्हा बार डाव्या हातातून निसटला, ते समजण्यासारखं होतं. पण पुढचे तीन रविवार जुनं वजनही हातात राहीना. एक तळहात आत, एक बाहेर करून पाहिलं. अंगठा बोटांखाली दाबून पाहिला, तो तेवढा काळानिळा पडला. माझ्या वडिलांचा डावा हात असाच गेला होता. सुरुवात कॉफीचा लोटा पडण्यापासून झाली. मी चोपन्न वर्षांचा. घरी बायकोला, नागरत्नाला, काही बोललो नाही.

आज म्हैसूरच्या नजरबाद भागातल्या आमच्या जिममध्ये कोच चंदना हिनं माझा तळहात हुंगला.

"सर, एरंडेल?"

"रविवारी तेलस्नान असतं आमच्याकडे."

"आणि मी महिनाभर तुम्हाला ग्रिप शिकवतेय."

तिनं मला भांड्यांच्या साबणानं हात धुवायला लावले. मग मी साधीच पकड घेतली, दोन्ही तळहात अंगाकडे. बार वर आला आणि हातात राहिला. ती ओरडेपर्यंत मी तो खाली ठेवलाच नाही.

घरी येऊन नागरत्नावर डाफरलो. "तेल डोक्याला पुरे. तळव्यांना चोळायचं हे नवीन काय काढलंस?"

ती कॉफी ओतत होती. "जेवताना सारखी मूठ मिटून उघडून बघत होता तुम्ही. मला मामंजींचा हात आठवला. सुम्ने, उगीच बोलून कशाला घाबरवायचं, म्हणून नुसतं चोळत होते."

मी लोटा डाव्या हातात घेतला आणि तिच्यासमोर उभं राहून सगळी कॉफी संपवली.