बेडरूमच्या हवेचा रिपोर्ट

नीळकंठ देवपुजारी मंडीदीपच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं मेंटेनन्सला होते. धूर माणसाचं काय करतो हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. म्हणून बायकोला, कमलिनीबाईंना, दम लागू लागला तेव्हा त्यांनी इंद्रपुरीतल्या घराच्या खिडक्या कायमच्या बंद केल्या. एकेका फटीला स्वतः रबराची पट्टी लावली. तीन वर्षं कमलिनीबाई त्याच बेडरूममध्ये पडून होत्या, आणि दम वाढतच गेला.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी स्कॅन पाहून विचारलं, "घरात कुठे ओल आहे?"

"छे! घर एकदम बंदिस्त ठेवलंय मी."

"तरी एकदा हवा तपासून घ्या."

लॅबमधून मधुरा नावाची मुलगी आली. छोट्या पंपाने तिने गॅलरीतली हवा तपासणीच्या एका काचेच्या बशीवर ओढली, बेडरूममधली दुसऱ्या. मग भिंतीपाशी वाकून म्हणाली, "काका, ही अलमारी जरा हटवू या?"

दोघांनी मिळून ती सरकवली. मागची भिंत खांद्याच्या उंचीपर्यंत काळी-हिरवी झाली होती. वरच्या मजल्याचा पाइप आतल्या आत झिरपत होता, आणि भिंतीवर मऊ, दाट बुरशी माजली होती.

मधुराने नाकाला ओढणी लावली. "काकूंना आधी बाहेर न्या."

आठवड्याने तिचा फोन आला. "काका, बेडरूममध्ये बुरशीचे कण गॅलरीच्या अकरा पट निघाले. बाहेरची हवा त्या मानाने ठीक आहे."

नीळकंठांनी त्याच दुपारी स्क्रूड्रायव्हर घेऊन सगळ्या पट्ट्या उखडल्या. पाइप बदलून घेतला, प्लास्टर खरवडून काढलं, कमलिनीबाईंचा पलंग हॉलमध्ये आणला. मग रिपोर्ट घेऊन ते डॉक्टरांकडे गेले.

"कारण सापडलं. आता सुधारेल ना?"

डॉक्टरांनी कागद वाचून परत दिला. "आजार कदाचित इथेच थांबेल. पण फुप्फुसाचा जो भाग गेला, तो गेला."

आजार थांबला नाही. एप्रिलमध्ये घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. एका दुपारी नीळकंठ पलंगाशी बसून म्हणाले, "मीच कोंडलं तुला."

कमलिनीबाई बराच वेळ श्वास जमवत राहिल्या.

"वास यायचा मला," त्या म्हणाल्या. "पहिल्याच पावसाळ्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढे राबला होतात... कसं सांगणार?"

नीळकंठांनी कमलिनीबाईंच्या नाकाजवळची नळी सरळ केली आणि मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा तीनवरून चारवर नेला. जूनअखेर तो पाचवर होता. त्या मशीनवर पाचच्या पुढे आकडा नव्हता.