परीक्षेच्या आठवड्यातली हजेरी

छप्पन सालच्या ऑक्टोबरात ग्वाल्हेरचं सचिवालय भोपाळला निघालं होतं. मध्यभारत संपणार आणि पहिल्या नोव्हेंबरपासून नवा मध्यप्रदेश होणार, म्हणून दफ्तरात जिकडेतिकडे पेट्या, सुतळ्या आणि वितळलेल्या लाखेचा वास. त्या गडबडीत श्रीपादचं सगळं लक्ष एकाच सोमवारकडे लागलेलं. त्या दिवशी राज्यसेवेची परीक्षा सुरू होत होती.

चार वर्षं तो कारकुनी करत होता. पहाटे उठून इतिहास, जेवणाच्या सुट्टीत अर्थशास्त्र, आणि नया बाजारातल्या घरापासून दफ्तरापर्यंत चालताना कायद्याची कलमं तोंडपाठ. गेल्या वर्षी थोडक्यात हुकलं होतं. वयाच्या हिशेबाने हे वर्ष आणि पुढचं, एवढंच हाती होतं. आठ दिवसांची रजा त्याने दोन महिने आधीच मंजूर करून घेतली होती.

गुरुवारी दफ्तराचे मुख्य कारकून, बडेबाबू महिपतराव, यांनी त्याला बोलावलं. "श्रीपादपंत, तुमची छुट्टी रद्द झाली. वरून हुकूम आहे."

"पण परीक्षा..."

"माहीत आहे मला." महिपतरावांनी मोडी लिपीतल्या रजिस्टरांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. संस्थानाच्या काळातल्या नोकरांच्या नेमणुका त्यांत होत्या. "भोपाळला मोडी कोण वाचणार? हिंदी नक्कल सोबत गेली नाही, तर लोकांची जुनी नोकरी पेन्शनला धरलीच जाणार नाही. मोडी येणारे आता तुम्ही आणि मी. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय."

श्रीपाद घरी आला तो धुमसतच. वनमालेने ताट वाढलं, तरी तो पाटावर नुसता बसून राहिला.

"कंपू मोहल्ल्यातले डॉक्टर ओळखीचे आहेत," तो म्हणाला. "आजारपणाचा दाखला देतील."

"आणि सोमवारी परीक्षेला कसे जाणार? आजारी माणूस म्हणून?" वनमाला म्हणाली. "अहो, उद्या डिप्टी कलेक्टर झालात, तर असल्या दाखल्यांवर तुम्हीच शेरे माराल."

पण शुक्रवारी सकाळी कंपूत जाऊन त्याने दाखला आणलाच.

खिशात दाखला ठेवून तो दफ्तरात बसला. दुपारपर्यंत निदान एक रजिस्टर उरकावं, म्हणून त्याने वरचंच ओढलं. चाळता चाळता एका नोंदीवर बोट थांबलं. महिपतराव, वडील शिलेदार, नेमणूक सन १९२६. शेजारी भोपाळला जाणारी यादी होती. तिच्यात १९३६ लिहिलेलं होतं. पूर्ण दहा वर्षं गळाली होती, आणि महिपतरावांच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती.

तो उठून त्यांच्या टेबलाशी गेला. "ही नोंद तुम्ही पाहिली होती?"

"पाहिली."

"मग काल बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? माझ्यासाठी परीक्षा सोडा?" महिपतराव चश्मा पुसत राहिले. "आणि स्वतःच्या नोंदीची नक्कल स्वतःच्या हाताने कशी करू? रजिस्टरात माझ्यासारखे दोनशे आहेत. काही तर दरवान, सतरंज्या घालणारे फर्राश. त्यांना पत्ताही नाही."

श्रीपादने खिशातला दाखला काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. "हा आज देणार होतो."

महिपतरावांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला, घडी केली आणि परत दिला.

"परीक्षेचे परचे किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"दहा ते एक."

"मग सकाळी सहाला या. मी कुलूप उघडतो. नऊला तुम्ही निघा, दोनला परत या. हजेरी लागेल, छुट्टी लागणार नाही. वरच्यांना मी सांगतो."

आठवडाभर तसंच चाललं. श्रीपाद मोडी वाचून मोठ्याने सांगे, महिपतराव कागद नाकाशी धरून मोठ्या अक्षरांत हिंदी उतरवत. त्यांची नोंद आली, तेव्हा त्यांनी लेखणी मुकाट्याने श्रीपादच्या हाती दिली. नऊ वाजता श्रीपाद शाई लागलेल्या बोटांनी सायकल मारत परीक्षेला जाई. उजळणीला वेळ नव्हता. गुरुवारी अर्थशास्त्राच्या परच्यात एका प्रश्नाचं उत्तर, जे त्याला महिन्याभरापूर्वी पाठ होतं, काही केल्या आठवलं नाही. शनिवारी शेवटचं रजिस्टर मिटलं आणि पेटीला लाख लागली.

निकाल लागला तेव्हा श्रीपाद वनमालेसह भोपाळात एका खोलीत राहत होता. यादी त्याने दोनदा वाचली. नाव नव्हतं. महिपतराव ग्वाल्हेरलाच राहिले होते; त्यांचं पत्र त्याच आठवड्यात आलं. त्यांची दहा वर्षं धरली गेली होती, आणि इतरांची जुनी नोकरीही. पत्रात आभार नव्हते. 'अर्थशास्त्र पक्कं करा,' एवढंच शेवटी होतं.

"रजा मिळाली असती, तर झालो असतो का गं पास?" त्याने वनमालेला विचारलं.

"कुणास ठाऊक," ती म्हणाली. तिने खोटा धीर दिला नाही, हे त्याला बरं वाटलं.

नव्या दफ्तरात त्याचे साहेब नवे होते. दुसऱ्याच दिवशी तो त्यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, ऑक्टोबरात मला परीक्षेसाठी आठ दिवस रजा लागेल. आत्ताच सांगून ठेवतो."