अर्जातला राग

माझी बायको शालू गेल्याचं मला बुधवारी कळलं. गेली ती सोमवारीच होती.

मानमोडीच्या तापाच्या साथीत दवाखान्याबाहेर बांबूच्या टट्ट्यांची छपरी उभारली होती. तिथं तिला ठेवून मी गुरांचं चारापाणी करायला गावी आलो होतो. परत गेलो तेव्हा तिच्यासाठी ज्वारीची भाकर नेली. तिच्या खाटेवर दुसरीच बाई होती.

कंपाउंडर म्हणाला, "ते बाई परवाच गेली. बाकीच्यांसंगं गाडीत घालून नेली."

मी म्हणालो, "बरं साहेब." भाकर त्या बाईच्या उशाशी ठेवली आणि घरी आलो.

शालू म्हणायची, "तुमच्या नाकावर माशी बसली तं तुम्ही तिले म्हनान, बसा बाई."

तिला कुठं जाळलं ते कोणी सांगेना. राख सावडायची कुठं? दवाखान्यात खेपा घातल्या. मग पुतण्या वामन सुट्टीत आला. तो अमरावतीला इंग्रजी शिकत होता. त्यानं जिल्ह्याच्या साहेबांना इंग्रजीत अर्ज लिहिला आणि वाचून दाखवला. मधे ‘फ्लेअर्ड अप’ असं आलं.

"हे काय बे?"

"तुम्ही भडकले, काका. जाळ उठते तसे. शांत मानसाचा अर्ज साहेब बाजूले सारते."

"पर मी तं भडकलो नाही."

"मनात तं भडकले ना?"

"हाव," मी म्हणालो.

चिखलीला साहेबांचा मुक्काम होता. अर्ज वाचता वाचता त्यांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. कारकुनानं मला विचारलं, "दवाखान्यात दंगा केला काय तुम्ही?"

"नाही जी."

"मंग लिहिलं काऊन?"

कंपाउंडरलाही बोलावलं होतं. तो खरं तेच बोलला. "गरीब मानूस हाय, साहेब. बरं म्हनला, भाकर ठेवली, गेला. तक्रार असती तं तव्हाच बोलला असता."

साहेब इंग्रजीत काहीतरी म्हणाले. कारकून म्हणाला, "अर्ज खोटा ठरला. जा आता."

"पर तिले जाळलं कुठं?"

"ते अर्जात शेवटी इचारलं हाय. साहेब तिथवर गेलेच नाहीत."

मी हात जोडले. म्हणालो, "बरं साहेब."

बाहेर आल्यावर वामन कारकुनाच्या नावानं ओरडायला लागला. मी त्याला दंडाला धरून गाडीत बसवलं आणि बैल जुंपले.

वर्षश्राद्ध झालं. शालूची राख सावडायची अजून राहिली आहे.