ठिगळाची निवड

आमच्या वस्तीच्या शाळेत पाहुणे येणार म्हटलं की हेडमास्तर मुलं उसनी आणतात. हो, मुलं! खुर्च्या भाड्याच्या दुकानातून आणि मुलं टेकडीवरच्या मोठ्या शाळेतून. ती बिचारी पुढच्या बाकांवर बसून उत्तरं देतात. आमची पोरं त्या दिवशी घरी.

या खेपेला एक देणगीदारबाई येणार होत्या. वस्तीतली एक मुलगी निवडून त्या मोठ्या शाळेत घालणार, सगळा खर्च त्यांचा. माझी पोरगी महिनाभर आरशासमोर उत्तरं घोकत होती.

आदल्या दिवशी हेडमास्तर माझ्या इस्त्रीच्या टेबलाशी आले. "ताई, पोरीचा गणवेश द्या एक दिवस. टेकडीवरून आणतोय त्या मुलीला घालायचाय, नवा शिवला तर फार कोरा दिसेल."

"आणि माझी पोर?"

"हुशार आहे हो, पण तोंडाळ. मागच्या खेपेच्या साहेबांना तिनं रस्त्यात गाठून विचारलं, शाळेच्या प्रयोगशाळेला कुलूप का? शाळेचं नाव झालं तर जागा वस्तीलाच मिळणार ना?"

मी महामूर्ख! खांद्यावरच्या ठिगळासकट कडक इस्त्री करून दिला.

दुसऱ्या दिवशी पोरगी घरच्या फ्रॉकमध्ये वर्गाच्या खिडकीला लटकली. मी तिच्यामागे. बाईंनी विचारलं, झाडं अन्न कशाच्या जोरावर बनवतात? उसनी मुलगी छताकडे बघत राहिली. माझी बाहेरून ओरडली, "उन्हाच्या!"

"ही कोण?"

"वस्तीतली आहे. शाळेत येत नाही," हेडमास्तर म्हणाले. जीभ झडली नाही मेल्याची!

बाईंनी ठिगळावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि त्या उसन्या मुलीलाच निवडलं. म्हणजे ती आली होती तिथेच परत गेली, आता फुकट. ठिगळाच्या गणवेशातला तिचा फोटो मोठ्या शाळेच्या फाटकावर लागला.

गणवेश परत आला. पोरगी माझ्याशी बोलेना. सोमवारी तोच गणवेश तिला घातला आणि फाटकावर नेलं.

"फोटोतला चेहरा वेगळा आहे," वॉचमन म्हणाला.

"चेहरा बघितलाय कोणी? बाईंनी ठिगळ निवडलं. ते आणलंय. माझ्या हातचं आहे, टाके जुळवून बघा."

तो फोटो बघतो, खांदा बघतो, पुन्हा फोटो. तेवढ्यात पोरगी त्याच्या हाताखालून आत!

आता ती पहिल्या बाकावर बसलीय. तिथल्या मुख्याध्यापिका म्हणतात, उठवा तिला. म्हटलं, उठवते की. त्या देणगीवाल्या बाईंना बोलवा, त्यांच्यासमोर उठवते.